थरथरीचा वाटा

त्या वर्षी पाऊस लांबला, रोपवाटिकेच्या विहिरीने तळ दाखवला, आणि मालकाने निरोप धाडला की पेरूची कलमे या हंगामात एकदाच बांधली जातील. दुसऱ्या खेपेला पाजायला पाणी नाही. वीस हजार खुंट, म्हणजे ज्यांवर कलम बांधायचे ती रोपे, पिशव्यांत तयार उभे होते. त्यांची खोडे पेन्सिलीएवढी झाली होती. आणखी दहा-बारा दिवसांत ती निबर झाली असती, आणि निबर खोड सुरीला दाद देत नाही की वर बांधलेल्या काडीला जीव लावत नाही. तेव्हा जे व्हायचे ते या दिवसांतच व्हायला हवे होते, आणि ज्यांच्या हातून व्हायचे त्या बायका होत्या अवघ्या सात.

या सातांपैकी दोघी एकाच घरच्या, सासू आणि सून. रोपवाटिकेत त्यांना थोरली कलमवाली आणि धाकटी कलमवाली म्हणत. थोरलीने तीस वर्षे कलमे बांधली होती. नजर अधू झाल्यावर तिने सुरी खाली ठेवली आणि ती काड्या निवडायला बसली. झाडावरून उतरवलेल्या काडीवर बोट फिरवून ती जून की कोवळी, जिवंत की गेलेली, हे ती सांगे, आणि तिचे सांगणे खोटे ठरल्याचे कोणाला आठवत नव्हते. धाकटीला सुरी धरायला तिनेच शिकवले. तेही गोंजारून नव्हे. काडीच्या टोकाची पाचर वाकडी निघाली की ती काडी सुनेच्या पुढ्यात मोडून टाकायची आणि न बोलता दुसरी द्यायची. पहिल्या हंगामात पुढ्यात मोडलेल्या काड्यांचा ढीग बांधलेल्या कलमांपेक्षा मोठा असे.

आता धाकटी चाळिशीला आली होती आणि कामात तिचा हात धरणारे पंचक्रोशीत कोणी नव्हते. चांगली कारागीर दिवसाला साडेतीनशे कलमे बांधते. धाकटीने चार वर्षांपूर्वी एका दिवसात सातशे बांधली होती. ही गोष्ट थोरली पाहुण्यांना सांगे, बसथांब्यावर अनोळखी बायकांना सांगे, आणि माणूस मिळाला नसता तर कोंबड्यांनाही सांगायला तिने कमी केले नसते.

त्या सातशेमागे काय होते, हे मात्र ती कोणाला सांगत नसे. त्या वर्षी धाकटी तीन आठवडे जवळजवळ झोपलीच नव्हती. घरात त्याला ‘चढ’ म्हणत. चढात तिने सगळे घर दोनदा धुतले, शेजारणीचे न मागता धुतले, आणि मालकाच्या दारात उभे राहून त्याला समजावले की समोरची टेकडी आपण विकत घेतो आहोत, त्याने कुंपणाची घाई करू नये. चढानंतर ‘उतार’ आला. उतारात ती तीन महिने भिंतीकडे तोंड करून पडून होती, आणि एका दुपारी नवऱ्याने तिला विहिरीच्या काठावरून दंडाला धरून घरी आणले. तेव्हापासून मोठ्या गावच्या डॉक्टरीणबाईंची गोळी सुरू झाली. आजाराचे नाव त्यांनी बायपोलर सांगितले, गोळीचे लिथियम. चार वर्षांत चढ आला नाही आणि उतारही आला नाही. चौदा वर्षांची मुलगी, जी त्या दिवसांत शाळेतून आल्यावर आधी आई कुठे आहे ते बघे आणि मग दप्तर ठेवी, ती आता दप्तर भिरकावून आधी खायला मागू लागली होती.

गोळीने हे दिले. घेतलेही. अंग बारा किलोने सुटले, पोलक्याच्या बाह्या उसवाव्या लागल्या, जिभेवर नाणे ठेवल्यासारखी चव बसली, तहान लागे आणि तहान भागवली की दर तासाला लघवीला उठावे लागे. शिवाय हाताला कंप आला. कंप असा बारीक की हातातल्या पेल्यातल्या पाण्यावर नुसती सुरकुती उठे. तीन हंगाम तिने तो दडवला. या हंगामात तो दडेना.

कलम बांधणे हे काम सांगायला सोपे आहे. खुंटाचा शेंडा छाटायचा, खोडाला मधोमध खाच द्यायची, काडीचे खालचे टोक दोन बाजूंनी तासून पाचर करायची, ती खाचेत बसवायची आणि वरून पट्टी गुंडाळायची. परंतु पाचरेची प्रत्येक बाजू सुरीच्या एकाच ओढीत, आरशासारखी निघावी लागते. तिच्यावर लाट राहिली तर खुंट आणि काडी यांच्यात हवा राहते, आणि जिथे हवा राहते तिथे जीव जोडला जात नाही. ते कलम पंधरा-वीस दिवस हिरवे दिसते आणि मग मरते. म्हणून बांधलेल्या कलमाला जाणते लोक कलम म्हणत नाहीत. पंचविसाव्या दिवशी फुटलेल्याला म्हणतात.

हंगामाच्या पहिल्याच दिवशी, ऊन शेडनेटच्या जाळीवर आल्यावर, मुकादम बायकांच्या रांगेतून हिंडत धाकटीपाशी थांबला. तिने नुकतीच तासलेली काडी त्याने उचलली, उजेडात तिरकी धरली, आणि अंगठ्याने तिच्यावरची लाट चाचपली. दुसरी उचलली. तिसरी उचलली. मग त्याने धाकटीला हात पुढे करायला सांगितले आणि तळहात खाली वळवून त्याच्यावर एक वाळके पान ठेवले.

पान थडथडू लागले. फार नव्हे; पण शेडनेटमध्ये त्या वेळी इतके शांत होते की ते ऐकू आले.

मुकादम वाईट माणूस नव्हता. हात थरथरतो तो कारागीर संपला, असे त्याचे मत होते, आणि चुकीची मते चांगली माणसेही बाळगतात. त्याने पान स्वतःच उचलून टाकले आणि आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, उद्यापासून पिशव्या भरायला बसा. हात बसला की या परत. खुंट एवढेच आहेत, मला एकही घालवता येत नाही."

रांगेतल्या सगळ्या माना खाली गेल्या. जिला सगळ्या लांबडी म्हणत ती उंच बाई तेवढी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. धाकटी दर तासाला उठून जाळीमागे जाते म्हणून गेल्या हंगामात तिनेच टोमणा मारला होता, की धाकटीला एक नळ जोडून द्या, तेवढेच रोपांना पाणी होईल. सगळ्या हसल्या होत्या आणि मुकादमही हसला होता. तेव्हापासून धाकटीने कामावर पाणी पिणेच सोडले होते. सकाळी ती तांब्या भरून आणी, आणि संध्याकाळी भरलेलाच परत नेई.

थोरलीने निवडलेल्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या, सुनेची सुरी उचलून पदराला पुसली, आणि दोघी भर दुपारी घराकडे चालू लागल्या. वाटेत सावली नव्हती. थोरली पुढे आणि धाकटी मागे. एरवी ते उलट असे, कारण थोरलीला नीट दिसत नसे.

घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढे पडवी. पडवीत धाकटीचा नवरा पाण्याच्या मोटरी दुरुस्त करी. गावातल्या विहिरी आटत चालल्या म्हणजे मोटरी कोरड्या चालतात आणि जळतात, त्यामुळे दुष्काळात एकट्या त्याच्याच कामाला भर येई आणि त्याची त्याला लाज वाटे. तो तांब्याची तार गुंडाळत बसला होता. दोघींना अवेळी आलेल्या पाहून त्याने तार सोडली नाही, कारण सोडली तर वेढे मोकळे झाले असते. पण त्याचा हात थांबला.

धाकटीने जे घडले ते सांगितले, आणि त्याच दमात ठरवलेलेही सांगून टाकले. दहा दिवस गोळी बंद. हंगाम उरकला की पुन्हा चालू. चार वर्षे एक दिवस न चुकता घेतली. दहा दिवसांनी आभाळ कोसळत नाही.

नवऱ्याने आधी समजुतीने विरोध केला. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावले होते की ही गोळी एकदम सोडली तर आजार दुप्पट जोराने उलटू शकतो. मग तो चिडला. पिशव्या भरल्या तर भरल्या, म्हणाला, त्यात काय कमीपणा, आपण काय उपाशी मरत नाही. हे त्याने बोलायला नको होते. धाकटी शांतपणे उत्तर देत होती तोवर ती पटवून घेण्याच्या वाटेवर होती; ‘त्यात काय’ ऐकल्यावर ती उठून उभी राहिली.

"मी सातशे बांधलीत," ती म्हणाली. "या हातांनी. गोळी नव्हती तेव्हा. तुमची गोळी मला जगवते, मान्य आहे. पण जगवून करते काय? मला खायला घालते, झोपवते, आणि माझा हात मात्र काढून ठेवून घेते. पिशव्या कोणीही भरतं. मातीत हात घातला की झालं. मी कोण आहे ते मग मलाच आठवायचं नाही."

या बोलण्यात नवऱ्याला खोटे काही दिसेना. औषधाचा गुण आणि औषधाचा त्रास एकाच तराजूत घालायचे म्हटले तर वजने निराळी पडतात. गुण म्हणजे न घडलेल्या गोष्टी. चढ आला नाही, विहिरीवर कोणी गेले नाही. न घडलेले दिसत नाही. त्रास मात्र रोज हाताच्या टोकाला दिसतो, आणि त्याच्यावर पान ठेवून तो चारचौघींना ऐकवताही येतो. नवऱ्याने आईकडे पाहिले, पण आशेने नव्हे. सातशेचा डांगोरा पिटणारी तीच. ती सुनेच्या बाजूने बोलणार हे दोघांनी धरूनच ठेवले होते.

थोरली उंबऱ्यावर बसली होती. तिने फडके सोडून काड्या मांडीवर घेतल्या, आणि सुनेला विचारले की काडीचे वर कोणते आणि खाली कोणते हे कसे ओळखायचे. धाकटीला हा प्रश्न अपमानासारखा लागला. गळलेल्या पानाचा वण डोळ्याच्या, म्हणजे कोंबाच्या, खाली असतो, हे कलमवालीच्या घरातले शेंबडे पोरही सांगते.

"तुझ्या सातशेत एकशे तेरा उलट्या होत्या," थोरली म्हणाली.

तिने एक काडी उलटी धरून दाखवली.

"डोकं खाली, बूड वर. पाचर सुरेख, पट्टी सुरेख, आणि काडी उलटी. तिसऱ्या दिवशी मी रांगेतून बोट फिरवत गेले तेव्हा कळलं. उलटी काडी कधी फुटत नाही. मी तीन दिवस सकाळी मुकादमाच्या आधी जायचे आणि तेवढ्या उपटून नव्या बांधायचे. तेव्हा मला अजून दिसत होतं थोडंफार. माझ्या हातच्या एकशे तेरा लागल्या, आणि तुझ्या नावावर सातशे राहिल्या."

"तुम्ही चार वर्षं सांगत फिरलात," धाकटी म्हणाली.

"फिरले. घराचं नाव मोठं होत होतं, मला गोड लागत होतं. आता त्याच खोट्यावर तू गोळी सोडायला निघालीस, तर मला ते गिळवत नाही." तिने काड्या पुन्हा गुंडाळल्या. "हात तुझा तेव्हाही चांगला होता. डोकं जागेवर नव्हतं. नुसत्या हाताने कलम लागत असतं तर माकडांनी बागा लावल्या असत्या."

धाकटी आत जाऊन बसली. ती रडली असे म्हणता येणार नाही. तिने कणीक मळायला घेतली आणि नको इतकी मळली. बऱ्याच वेळाने तिने आतूनच विचारले की त्या सातशेतल्या सरळ किती लागल्या. पाचशे साठ, थोरली म्हणाली. तो आकडाही कोणा दुसरीने कधी गाठलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळची गोळी न घेता, कारण रक्त तपासायचे तर ती आधी घ्यायची नसते, दोघी मोठ्या गावी गेल्या. थोरलीने काल मुकादमाने नाकारलेल्या काड्यांतली एक बरोबर घेतली होती. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ती ठेवून तिने त्यांचे बोट धरले आणि लाटेवरून फिरवले. बाईंना काही लागले नाही. थोरलीने पुन्हा फिरवले. तिसऱ्या वेळी बाई म्हणाल्या की हो, काहीतरी आहे खरे.

"एवढ्यानं कलम मरतं," थोरली म्हणाली. "तुमच्या गोळीला सांगा, डोकं धर पण हात सोड."

"गोळीला इतकं नेमकं कळत नाही, मावशी. पण आपल्याला थोडं कळतंय का बघू."

रक्ताचा अहवाल दुपारी आला. पूर्वी लिथियमचे प्रमाण शून्य पूर्णांक सात असायचे. आज ते एक पूर्णांक एक होते. गोळी तीच, मग प्रमाण का चढले, याचा बाईंनी पोलिसासारखा तपास केला. मीठ कमी केले आहे का? नाही. दुखण्यावरची एखादी गोळी परस्पर घेतली? नाही. उलट्या, जुलाब? नाही. उन्हात काम? हो. पाणी किती? यावर थोरलीकडे न पाहता धाकटीने तांब्याची गोष्ट सांगितली.

बाईंनी पेन खाली ठेवले. अंगातले पाणी कमी झाले की हे औषध अंगात साचते, हे त्यांनी पूर्वी सांगितले होते, आणि आता पुन्हा, हळू आणि स्पष्ट शब्दांत सांगितले. प्रमाण असेच चढत गेले असते तर हाताची थरथर मोठी झाली असती, मग तोल गेला असता, बोलणे जड झाले असते, आणि तेव्हा एक दिवसही न थांबता दवाखान्यात यावे लागले असते. म्हणजे तिचा निम्मा कंप गोळीचा होता आणि निम्मा लांबडीच्या टोमण्याचा.

पुढचे बोलणे मोकळे झाले. गोळी एकदम सोडणे बाईंना मान्य नव्हते. पण धाकटीचे गाऱ्हाणे त्यांनी किरकोळ म्हणून बाजूला सारले नाही. मूत्रपिंड आणि थायरॉइड यांच्या तपासण्या ठीक होत्या. मात्रा थोडी उतरवता येईल, ती सगळी रात्री घेता येईल, पाणी दिवसभर प्यायचेच, आणि आठवड्याने रक्त पुन्हा बघायचे. कंपावर वेगळी गोळी असते, पण तिने नाडी मंदावते. उन्हात उभ्या राहणाऱ्या बाईला ती आज नको. लिथियमच्या जागी दुसरे औषध देता येते. मात्र त्याचेही आपले निराळे त्रास आहेत आणि ते इतके लागू पडेल याची हमी नाही.

धाकटीने विचारले की एवढे सगळे केल्यावर हात पूर्वीसारखा होईल का.

"बराच होईल," बाई म्हणाल्या. "पूर्वीसारखा होईल असं मी खोटं सांगणार नाही. थोडी थरथर राहील. तिच्यासकट काम जमतंय का, हे तुम्हीच मला सांगा. ते मला पुस्तकात सापडणार नाही. आणि जमलं नाही, त्रास सोसवेना झाला, तर मनाने बंद करू नका. इथे येऊन माझ्याशी भांडा."

परतीच्या वाटेवर थोरली म्हणाली की बाई हुशार आहे, पण बोटात जीव नाही.

तिसऱ्या दिवसापासून पडवीत एक निराळी शाळा भरली. थोरलीने लाकडाचा एक ठोकळा घेतला, आपल्या मुलाकडून त्याला चीर पाडून घेतली, आणि सुरी त्या चिरेत, पाते वर करून, घट्ट रोवली. ठोकळा धाकटीच्या दोन गुडघ्यांत दिला. एरवी काडी स्थिर धरतात आणि सुरी चालवतात. इथे सुरी स्थिर राहणार होती आणि काडी तिच्यावरून ओढायची होती, दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकवून, श्वास सोडता सोडता, पाठीच्या जोराने. पाठ थरथरत नाही.

ही रीत नवी नव्हती. तिला ‘म्हातारीची ओढ’ म्हणत. हात गेलेल्या बायका शेवटच्या एक-दोन हंगामांत ती धरत आणि बाकीच्या त्यांना हसत. थोरलीची नजर गेली तेव्हा मुकादमाने तिलाही ही ओढ सुचवली होती. तिने त्याला सांगितले होते की सुरी ठेवून देईन पण ठोकळा मांडीत घेणार नाही, आणि खरोखरच ठेवून दिली होती. आज तीच सुनेच्या मागे बसून तिचे कोपर आत दाबत होती. धाकटीने हे तिच्या तोंडावर बोलून दाखवले. थोरलीने उत्तर दिले की तेव्हा आपण मूर्ख होतो, आणि घरात एक मूर्ख पुरे.

पहिल्या दिवशी दोनशे वाया काड्या तासल्या गेल्या. पाते दोनदा अंगठ्यात शिरले. थोरली प्रत्येक पाचरेवर बोट फिरवी आणि लाट लागली की काडी मोडून पुढ्यात टाकी, वीस वर्षांपूर्वी टाकत असे तशी. धाकटी मध्येच उठून तांब्याभर पाणी पिई, मागच्या दाराने जाई, परत येई. संध्याकाळपर्यंत दहांतल्या सहा मोडल्या जात होत्या. दुसऱ्या संध्याकाळी दहांतली एक.

हंगामाच्या पाचव्या दिवशी ती ठोकळा काखेत मारून शेडनेटमध्ये शिरली आणि सगळ्यांच्या समोर, रांगेच्या पहिल्या जागेवर, तो गुडघ्यांत धरून बसली. शेजारी तिने दोन तांबे ठेवले. लांबडी काहीतरी म्हणणार होती. धाकटीने तिच्याकडे वळून आधीच सांगितले की मी गोळी खाते, गोळीला पाणी लागतं, दर तासाला उठणार, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, मग काम आहे. लांबडी हसली नाही. इतकी सूट मिळाल्यावर हसण्यात तिला गोडी उरली नव्हती.

मुकादमाने ठोकळा पाहिला आणि मान हलवली. ही रीत सावकाश, दिवसाला दीडशेसुद्धा होणार नाहीत, असे त्याचे म्हणणे पडले. धाकटीने त्याला सांगितले की दीडशेच होतील. पण मुकादम, तुम्ही आजवर बांधलेली मोजत आला आहात आणि कलम असतं फुटलेलं. मला एक वाफा द्या, सगळ्यांसारखाच तीनशे खुंटांचा. पंचविसाव्या दिवशी मोजा. दुसऱ्या कोणाच्याही वाफ्यापेक्षा जास्त मेली तर पुढच्या हंगामात मी आपण होऊन पिशव्यांवर बसेन. तो थोरलीकडे वळला, जणू घरातल्या मोठ्या माणसाने आता आवरावे. थोरली म्हणाली की ती बोलली ते बोलली.

त्याने वाफा दिला. दोन दिवस ऊन असे पडले की शेडनेटखालीही पिशव्यांची माती हाताला गरम लागे. धाकटीची पाठ दुसऱ्या दिवशी दुपारी धरली. ती उठली, पाणी प्यायली, कंबर मागे मोडली आणि पुन्हा बसली. तीनशे झाल्यावर तिने प्रत्येक कलमावर ओल धरून ठेवणारी प्लॅस्टिकची टोपी चढवली आणि वाफ्याच्या टोकाला बसून आपले हात पाहिले. थरथरत होते, थोडे.

आठवड्याने रक्ताचे प्रमाण उतरून पुन्हा जुन्या आकड्यापाशी आले. रात्रीची गोळी नवरा पूर्वी मोजून देई. आता ती स्वतः घेऊ लागली आणि त्याने मोजणे सोडले. तरी दोन रात्री तो पाकीट उघडून बघताना तिला सापडला. दोन्ही वेळा तिने त्याला बघू दिले.

पंचविसाव्या दिवशी सकाळी मुकादमाने टोप्या काढवल्या आणि वाफ्यामागून वाफा मोजला. उन्हाने सगळ्यांचेच नुकसान केले होते. सगळ्यांत चांगला वाफा लांबडीचा निघाला. तिची एकोणीस मेली होती. धाकटीची एकवीस. बाकीच्यांची तीस-तीस, चाळीस-चाळीस.

लांबडीचा वाफा सरस ठरला, म्हणजे बोलल्याप्रमाणे धाकटी हरली होती, आणि ती तसे म्हणालीही. मुकादमाने तिला वेड्यात काढले. दोनशे एकोणऐंशी फुटलेली कलमे देणाऱ्या बाईला माती भरायला लावायला आपण अजून वेडे झालो नाही, असे तो म्हणाला, आणि त्या ठोकळ्यासारखे आणखी दोन करून मिळतील का हे त्याने थोरलीला विचारले. रांगेतल्या दोघी म्हाताऱ्यांना हवे होते.

पण धाकटीचे काम संपले नव्हते. तिने मेलेली एकवीस उपटून आणली, मांडून बसली, आणि पट्टी सोडून एकेक सांधा उभा चिरू लागली. मेलेले कलम आपण कशाने मेलो हे सांगते, ऐकणारा हवा. उन्हाने गेलेली काडी वरून खाली वाळत येते. पट्टीखाली पाणी शिरले तर सांधा खालून कुजतो. आणि पाचरेवर लाट असली तर कडा जुळलेल्या असतात आणि मध्ये काळा डाग पडतो, जिथे हवा राहिली तिथे. धाकटी चिरून बघे, थोरली बोटाने तपासे, आणि काडी आपापल्या ढिगात पडे. बाकीच्या बायका पाणी प्यायला उठल्या त्या तिथेच उभ्या राहिल्या.

उन्हाच्या अकरा निघाल्या. पाण्याच्या चार. थरथरीच्या पाच.

"तीनशेत पाच," धाकटी म्हणाली. तिने हे डॉक्टरीणबाईंना सांगायचे ठरवले होते, नेमक्या आकड्यात. चार वर्षांत पहिल्यांदाच त्या गोळीचा त्रास तिच्यापुढे मोजता येईल असा पडला होता, आणि मोजल्यावर तो जेवढा होता तेवढाच निघाला.

एकविसावी राहिली. तिच्या मध्यावर डाग होता, पण फिकट. आणि काडी वरूनही थोडी वाळली होती. थोरलीने ती उन्हाच्या ढिगाकडे सारली. धाकटीने परत ओढली.

"लाट आहे, आई. बोट लावा. ही माझ्या थरथरीचीच. सहा धरा."

थोरलीने नख लावले, मग बोटाचे पेर. डोळे मिटून तिने ती पाचर दोन्ही बाजूंनी कितीतरी वेळ तपासली.

"आहे लाट," ती म्हणाली. "पण एवढ्या लाटेच्या माझ्याही गेल्यात. दरसाल दोन-चार. मी कुठली गोळी खात होते?"

"मग ही कुठे ठेवू?"

"वेगळी ठेव. ही कारागिराची."

धाकटीने ती वेगळी ठेवली, हातातली माती झटकली, आणि ठोकळा पुन्हा गुडघ्यांत ओढून घेतला.